मॉरिशस ते रॉड्रिग्स : अंतर ६०० किलोमीटर, वेळ दीड तास, मध्ये फक्त समुद्र

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागातील मॉरिशस आणि रॉड्रिग्स ही एकाच प्रजासत्ताकाची दोन बेटे. दोन्ही बेटांवर प्रत्येकी एक विमानतळ आहे. त्यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे ५९८ किलोमीटर असून एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाला ते कापण्यास वेळापत्रकानुसार साधारण दीड तास लागतो. पर्यटकाला एवढी माहिती पुरेशी वाटेल. मात्र या मार्गावर एका फेरीत किती प्रवासी बसणार, किती इंधन भरणार आणि वादळी हवामानात विमान निघणार की नाही, हे केवळ अंतरावरून ठरत नाही. मध्ये उतरण्याजोगी जमीन नसणे आणि पलीकडच्या धावपट्टीची लांबी कमी असणे, या दोन गोष्टी त्यामागे आहेत.

दोन बेटे, दोन विमानतळ

मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेय भागात प्लेझाँस येथे आहे. देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचे नाव त्याला देण्यात आले आहे. राजधानी पोर्ट लुई तेथून ४५ ते ५० किलोमीटरवर आहे. येथील मुख्य धावपट्टी तीन किलोमीटरांहून लांब असून एअरबस ए-३८० सारखी अवाढव्य विमानेही तेथे उतरतात.

रॉड्रिग्सचा विमानतळ त्या बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, प्लेन कोराय या प्रवाळजन्य चुनखडीच्या सपाट भागात आहे. मॉरिशसचे दिवंगत राजकीय नेते सर गाएताँ दुव्हाल यांच्या नावाने तो आता ओळखला जातो. बेटाचे मुख्य गाव पोर्ट माथुराँ उत्तर किनाऱ्यावर असल्याने विमानातून उतरलेल्या प्रवाशाला डोंगराळ रस्त्याने बेट ओलांडून जावे लागते. बेटाचे क्षेत्रफळ अवघे १०८ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या सुमारे चौतिसावा हिस्सा. सर्वांत उंच ठिकाण, माँ लिमाँ, ३९८ मीटरचे. लोकसंख्या चाळीस हजारांहून थोडी अधिक. २००१ च्या कायद्याने रॉड्रिग्सला स्वायत्तता मिळाली आणि २००२ पासून तेथे प्रादेशिक विधानसभा काम करते.

बेटाचे नाव गोव्यातील वाचकांच्या कानाला परके वाटणार नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गोव्याकडे येत, त्या काळात १५२८ मध्ये दिओगो रॉड्रिग्स या दर्यावर्द्याच्या नावावरून हे बेट नकाशावर नोंदले गेले. मॉरिशस, रेयुनियाँ आणि रॉड्रिग्स या तीन बेटांच्या समूहाला मास्कारेन म्हणतात. हे नावही पेद्रु मास्कारेन्यश या पोर्तुगीज दर्यावर्द्याचेच.

अंतर नेमके किती?

या दोन बेटांमधील अंतर म्हणून संदर्भसाहित्यात ५६० किलोमीटरपासून पुढे वेगवेगळे आकडे दिसतात. किनाऱ्यापासून किनारा, राजधानीपासून मुख्य गाव किंवा विमानतळापासून विमानतळ, अशा प्रत्येक मोजणीत उत्तर बदलते. विमानवाहतुकीत विमानतळाचा ठरवून दिलेला संदर्भबिंदू घेतात आणि पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारे कमीत कमी अंतर काढतात.

प्लेझाँस हे सुमारे २०.४३ अंश दक्षिण अक्षांश आणि ५७.६८ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर प्लेन कोराय सुमारे १९.७६ अंश दक्षिण आणि ६३.३६ अंश पूर्व येथे. अक्षांशात फरक जेमतेम पाऊण अंशाचा, रेखांशात मात्र पावणेसहा अंशांचा. त्यामुळे विमानाला जवळजवळ सरळ पूर्वेकडे, किंचित उत्तरेला झुकून जावे लागते. गणित केल्यास अंतर सुमारे ५९८ किलोमीटर, म्हणजे ३२३ सागरी मैल येते.

रेखांशातील या फरकाचा आणखी एक परिणाम आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्या हिशेबाने रॉड्रिग्सवर सूर्य मॉरिशसपेक्षा सुमारे २३ मिनिटे आधी उगवतो. देश एक असल्याने घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच आहे आणि ते भारतीय वेळेच्या दीड तास मागे चालते. परिणामी प्रवाशाला घड्याळ बदलावे लागत नाही, पण संध्याकाळ लवकर झाल्याचे जाणवते.

दीड तासाचा हिशेब

एटीआर ७२ हे विमान आकाशात स्थिर उंची गाठल्यावर ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. ५९८ किलोमीटरला ५०० ने भागले तर ७२ मिनिटे होतात. मग वेळापत्रकात दीड तास का?

वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंत मोजली जाते. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठताना कमी वेगाने चढणे, उतरण्यापूर्वी धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी घेतलेले वळण आणि उतरल्यावर इमारतीपर्यंत येणे, हे सारे त्यात धरलेले असते. अंतर कितीही असो, हा वेळ फारसा बदलत नाही.

शेजारच्या मार्गाशी तुलना केल्यास ही गोष्ट स्पष्ट होते. मॉरिशस ते रेयुनियाँ हे हवाई अंतर सुमारे २३२ किलोमीटर असून त्याला साधारण ४५ मिनिटे दिली जातात. रॉड्रिग्स त्याच्या अडीच पटींहून दूर आहे, तरी वेळ दुप्पटच लागतो. वाढीव ३६६ किलोमीटरसाठी वाढीव ४५ मिनिटे, म्हणजे ताशी सुमारे ४९० किलोमीटर, हा विमानाचा आकाशातील वेग झाला. तो वजा केल्यावर दोन्ही मार्गांवर उरणारी सोळा-सतरा मिनिटे ही जमिनीवरच्या हालचालींची आणि चढण्या-उतरण्याची.

वाऱ्याचा वाटा

विमानाचा वेग हवेच्या तुलनेत मोजला जातो आणि हवा स्वतःच वाहत असते. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या तुलनेत विमानाचा वेग ४६० वर येतो आणि ५९८ किलोमीटरला ७८ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीमागून असल्यास वेग ५४० होतो आणि सुमारे ६६ मिनिटे पुरतात. म्हणजे एकाच दिवशी, एकाच विमानाने जाताना आणि येताना बारा मिनिटांचा फरक पडू शकतो. उंचीवरचे वारे ऋतूप्रमाणे बदलत असल्याने कोणती फेरी लवकर पोहोचेल, हे त्या दिवशीच्या हवामानावर अवलंबून राहते.

समुद्रसपाटीजवळ मात्र वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांचे राज्य असते. विमान उडताना आणि उतरताना वारा समोरून असावा लागतो, कारण त्यामुळे कमी धावपट्टीत काम भागते. धावपट्ट्यांना त्यांच्या दिशेच्या अंशांवरून क्रमांक देतात. मॉरिशसच्या धावपट्टीचा क्रमांक १४, म्हणजे दिशा सुमारे १४० अंश, आणि रॉड्रिग्सच्या धावपट्टीचा १२, म्हणजे सुमारे १२० अंश. दोन्ही आग्नेयेकडे तोंड करून आहेत. शिडाची जहाजे ज्या वाऱ्यावर विसंबून असत, त्याच वाऱ्याकडे तोंड करून या धावपट्ट्या आखल्या आहेत.

मुंबई–हैदराबाद एवढेच अंतर, पण

मुंबई आणि हैदराबाद या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ६२० किलोमीटर आहे, म्हणजे मॉरिशस–रॉड्रिग्सपेक्षा थोडेसे अधिकच. दोन्ही प्रवास आकड्यांत सारखे असले तरी वैमानिकाच्या दृष्टीने त्यांच्यात मोठा फरक आहे.

हैदराबादकडे जाणाऱ्या विमानाला वाटेत काही अडचण आली, तर पुणे, सोलापूर, कलबुर्गी, बेळगाव अशी ठिकाणे थोड्याफार अंतरावर सापडतात. हैदराबादची धावपट्टी ऐनवेळी बंद झाली तरी विमान दुसरीकडे वळवता येते. रॉड्रिग्सच्या वाटेवर असे एकही ठिकाण नाही. बेटावर पोहोचल्यानंतर धावपट्टी ढगांनी झाकली गेली, वारा उतरण्याच्या मर्यादेपलीकडे गेला किंवा आधी उतरलेल्या विमानाचा टायर फुटून धावपट्टी अडली, तर सर्वांत जवळचा मोठा विमानतळ म्हणजे जेथून निघालो तो मॉरिशस. त्याच्या पलीकडचा रेयुनियाँ रॉड्रिग्सपासून सुमारे ८२८ किलोमीटरवर आहे.

म्हणूनच येथे इंधनाचा हिशेब वेगळा होतो. प्रत्येक उड्डाणासाठी जमिनीवर खर्च होणारे इंधन, प्रवासाचे इंधन, अनपेक्षित खर्चासाठी काही टक्के, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे इंधन आणि या सर्वांवर शेवटची राखीव शिदोरी, असे भाग मोजले जातात. टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठी ही शेवटची राखीव शिदोरी ३० मिनिटांची असते आणि तिला हात लावण्याची वेळ येणे ही आणीबाणी समजली जाते. मुंबई–हैदराबादसारख्या मार्गावर पर्यायी विमानतळाचा भाग लहान असतो. रॉड्रिग्सच्या बाबतीत मॉरिशस हाच पर्याय धरला, तर तो भाग मूळ प्रवासाएवढाच मोठा होतो. सहाशे किलोमीटरच्या प्रवासाला सुमारे बाराशे किलोमीटरचे इंधन घेऊन निघावे लागते. एकाकी विमानतळांसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत दुसरीही पद्धत आहे. तीनुसार गंतव्यस्थानी पोहोचल्यावर दोन तास पुरेल इतके इंधन शिल्लक असावे लागते.

प्रवासाच्या मध्यावर वैमानिकासमोर आणखी एक बिंदू असतो : येथून पुढे जाणे आणि मागे फिरणे यांना सारखाच वेळ लागेल, असा बिंदू. वारा नसेल तर तो ५९८ च्या बरोबर निम्म्यावर, २९९ किलोमीटरवर येतो. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असल्यास तो रॉड्रिग्सकडे सरकतो आणि सुमारे ३२३ किलोमीटरवर जातो, कारण परतताना तोच वारा मदतीला असतो. एटीआरला दोन इंजिने असतात आणि एक बंद पडले तरी दुसऱ्यावर ते उडत राहू शकते. अशा वेळी पुढे जायचे की मागे फिरायचे, याचे उत्तर विमान या बिंदूच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. त्यामुळे निघण्यापूर्वीच त्याची नोंद केली जाते.

१,२८७ मीटरची मर्यादा

रॉड्रिग्सच्या सध्याच्या धावपट्टीची लांबी १,२८७ मीटर आहे. एटीआर ७२ ला पूर्ण भाराने उडण्यासाठी समुद्रसपाटीला, सर्वसाधारण तापमानात, जवळजवळ तेवढीच म्हणजे तेराशे मीटरांच्या आसपास धावपट्टी लागते. हवा गरम झाली की ती विरळ होते, पंख्यांना आणि पंखांना कमी आधार मिळतो आणि लागणारी लांबी वाढते. पाऊस पडून धावपट्टी ओली झाल्यास थांबण्याचे अंतर वाढते.

धावपट्टी ऐनवेळी लांबवता येत नाही, म्हणून वजन कमी करावे लागते. येथे इंधन आणि प्रवासी यांची ओढाताण सुरू होते. एक प्रवासी आणि त्याचे सामान मिळून साधारण १०० किलो वजन धरले, तर जादा घेतलेल्या प्रत्येक ५०० किलो इंधनामागे पाच जणांची जागा जाऊ शकते. विमानात सुमारे सत्तर आसने असली तरी प्रत्येक फेरीला ती सगळी भरता येतील असे नाही. सामानाच्या वजनाची मर्यादा या मार्गावर काटेकोर असण्यामागेही हेच कारण आहे. मॉरिशसच्या तीन किलोमीटरहून लांब धावपट्टीवर हा प्रश्न उद्भवत नाही. ज्याप्रमाणे साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमजोर कडीइतकी असते, त्याप्रमाणे या मार्गाची क्षमताही आखूड धावपट्टीवरूनच ठरते.

१९७२ पूर्वी आणि नंतर

एअर मॉरिशस या कंपनीची स्थापना १९६७ ची. तिने स्वतःची उड्डाणे सुरू केली ती १९७२ मध्ये, याच मार्गावर. एअर मादागास्करकडून भाड्याने घेतलेले पायपर नवाहो हे सहा आसनांचे विमान त्यासाठी वापरण्यात आले. पुढे दूरच्या खंडांपर्यंत झेप घेणाऱ्या कंपनीची सुरुवात देशातल्याच एका लहान बेटाला जोडण्यापासून झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्यापूर्वी रॉड्रिग्सला जायचे तर जहाज हाच मार्ग होता. समुद्राची स्थिती आणि जहाजाचा वेग यांनुसार पोर्ट लुई ते पोर्ट माथुराँ या प्रवासाला एक ते दीड दिवस लागत असे. जड माल आजही जहाजानेच जातो. धान्य, सिमेंट, वाहने आणि इंधन समुद्रातून येते, तर माणसे, टपाल आणि तातडीची औषधे विमानाने.

बेटावरच्या माणसासाठी दीड तास

पर्यटकाच्या दृष्टीने दीड तास ही सहलीतील एक पायरी. रॉड्रिग्सच्या रहिवाशाच्या दृष्टीने त्यावर बरेच काही अवलंबून असते. बेटावर क्रेव्ह कर येथे क्वीन एलिझाबेथ रुग्णालय आहे. तरीही काही विशेष तपासण्या आणि शस्त्रक्रियांसाठी रुग्णांना मॉरिशसला न्यावे लागते. विद्यापीठातील शिक्षण, अनेक सरकारी कामे आणि नोकऱ्याही पलीकडेच आहेत. येथील मध, लिंबे, मिरची, घेवडा आणि वाळवलेले ऑक्टोपस यांना मॉरिशसमध्ये मागणी असते. विमानातील एक जागा कमी होणे याचा अर्थ अशा वेळी कोणाची तरी तपासणी, परीक्षा किंवा भेट पुढे ढकलली जाणे असा होतो.

चक्रीवादळांच्या मोसमात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत, हा दुवा पूर्ण तुटू शकतो. मॉरिशसची हवामान सेवा एक ते चार अशा वाढत्या श्रेणींत इशारे देते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘फ्रेडी’ आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ या वादळांच्या वेळी मॉरिशसचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. मॉरिशसचा विमानतळ बंद होताच रॉड्रिग्सवर कितीही लख्ख ऊन असले तरी तेथील विमानसेवा थांबते, कारण पर्याय म्हणून धरलेले ठिकाणही तेच असते.

नवी धावपट्टी

या मर्यादेवर उपाय म्हणून सुमारे २,१०० मीटर लांबीच्या नव्या धावपट्टीचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. त्यासाठी जागतिक बँकेचे कर्ज आणि युरोपीय संघाचे साहाय्य घेण्यात येत आहे. एवढ्या लांबीवर एअरबस ए-३२० वर्गातील जेट विमाने उतरू शकतील. जेट विमान ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने गेले तरी चढ-उतारात जाणारा ठरावीक वेळ कायम राहील. त्यामुळे दीड तासाचा प्रवास एक तासाच्या आसपास येईल. खरा फायदा वेळेपेक्षा क्षमतेत आहे : पूर्ण भरलेले विमान, पुरेसे इंधन आणि अधिक माल यांची सांगड घालता येईल.

प्रकल्पाची दुसरी बाजूही आहे. प्लेन कोरायच्या चुनखडीत गुहांचे जाळे आहे. डोडोचा जवळचा नातलग आणि त्याच्यासारखाच उडू न शकणारा सॉलिटेअर हा पक्षी फक्त याच बेटावर होता. १६९१ ते १६९३ या काळात येथे राहिलेल्या फ्रांस्वा लेगा याने त्याचे वर्णन केले आहे. अठराव्या शतकात तो नामशेष झाला आणि त्याची हाडे याच परिसरातील गुहांत सापडली. जवळच आन्स किटोर हे राखीव वनक्षेत्र आहे. त्यामुळे खोदकाम करताना या गुहा आणि स्थानिक वनस्पती यांची जपणूक करावी लागणार आहे.

भारतातून जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे

मॉरिशसशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या कोकणातील कुटुंबांचे वंशज आज तेथे मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. मुंबई ते मॉरिशस हे हवाई अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर असून थेट विमानाला सहा ते साडेसहा तास लागतात. रॉड्रिग्सला जायचे झाल्यास मॉरिशसला विमान बदलावे लागते.

परतीचे नियोजन करताना रॉड्रिग्सहून निघणारे विमान आणि मॉरिशसहून भारताकडे येणारे विमान एकाच दिवशी ठेवू नये. मध्ये किमान एक मुक्काम, वादळाच्या मोसमात शक्यतो दोन, असावेत. रॉड्रिग्सच्या फेरीसाठी सामानाची मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रवासापेक्षा कमी असू शकते. ती तिकिटावर पाहून जादा सामान मॉरिशसलाच ठेवणे सोयीचे. हवामान खराब झाल्यास विमान अर्ध्या वाटेवरून परत फिरू शकते. तसे झाल्यास ते नियोजनातील त्रुटीचे लक्षण मानू नये. परतण्याएवढे इंधन निघतानाच भरलेले असते, ते याच प्रसंगासाठी.